एक बाजू पूर्ण वाजेपर्यंत

सोमवार, ९ मार्च

चिमे,

पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत आहोत असं लिहिणार होतो, पण तुझी मामी शेजारी बसून वाचतेय आणि तिला खोटं खपत नाही. म्हणून लिहितो की आम्ही आहोत. अक्षर बघून हसू नकोस. उजव्या हाताला जरा लागलंय, डाव्याने रेघोट्या ओढतोय.

आधी चांगली बातमी. तुझ्या रेकॉर्ड प्लेअरचं कार्ट्रिज मिळालं. तुझ्या नवऱ्याने प्लेअर भिंतीवर भिरकावला तेव्हा सुई धरणारी ती बोटाच्या पेराएवढी डबीच फुटली होती, आणि तसली आता कुणी बनवत नाही. तू विचारलं होतंस, "मामा, तो सुधारलोय म्हणतो, रविवारी न्यायला येतो म्हणतो. जाऊ का? तू म्हणशील तसं." मला उत्तर सुचेना, म्हणून कार्ट्रिज शोधायला निघालो. मी असाच. डोकं चालेना झालं की हात चालवतो.

कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक बाई जुनी यंत्रं विकतात. वयाने माझ्याएवढ्या, तोंडाने मामीच्या वरताण. त्यांचा खाक्या असा की गिऱ्हाइकाने स्वतःची रेकॉर्ड आणायची, त्या कार्ट्रिज लावून देणार, आणि एक बाजू पूर्ण वाजेपर्यंत दुकानात कुणी चकार शब्द काढायचा नाही. "बोलायचं असेल तर बाहेर रस्ता आहे, फुकट आहे," म्हणाल्या. मी मुकाट बसलो. आवाज असा निघाला की सुई कुठे घासतेय हेच कळेना.

रेकॉर्ड अर्ध्यावर आली आणि दारात जावईबापू उभे. तोही तेच कार्ट्रिज घ्यायला आला होता, तुला खूश करायला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगा धडपडतोय.

त्याने बाईंना कार्ट्रिजचं विचारलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. त्याने पुन्हा विचारलं. बाईंनी नुसता हात दाखवला, थांबा. त्याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली.

"मला गप्प करणारी ही कोण?" हे त्याने मला विचारलं, हसत. आणि तसाच हसत त्याने बाईंचे केस मुठीत धरून त्यांचं तोंड काउंटरवर आपटलं.

दोनदा, चिमे. पहिल्यांदा नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली, दुसऱ्यांदा दात पडला. रेकॉर्ड वाजतच होती.

"बघताय ना मामा," तो म्हणाला, "यांना शब्दाने कळतं का?" जसा काही मी त्याच्याच घरचा.

मी मध्ये पडलो, असं पोलिसांना सांगितलंय. पण मी मध्ये पडलो नाही, तुटून पडलो. रेकॉर्ड जिच्यावर फिरते तसली एक लोखंडी थाळी फळीवर होती, ती उचलून त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचं ऐकू आलं. त्याने माझा हात दाराच्या फटीत कोंबून दार ओढलं. माझी तीन बोटं तिथेच चेचली गेली. मी डाव्या हाताने पुन्हा घातली, या वेळी जबड्यावर. तो खाली पडला, रक्ताच्या गुळण्या टाकत "पुरे, मामा, पुरे" म्हणत राहिला, तरी मी थांबलो नाही. बाईंनीच कॉलर धरून मला मागे ओढलं.

"मेला तर आत जाल," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या दुकानात नको."

मारताना मला बरं वाटत होतं. हे मामीला सांगायचं राहिलं होतं. ती वाचतेय, म्हणजे आता सांगून झालं.

पोलीस यायच्या आत बाईंनी कार्ट्रिज पुसून माझ्या खिशात घातलं. "बाजू पूर्ण झाली नाही, पण चालेल हे," म्हणाल्या, नाकाला फडकं दाबून. सोबत पाठवतोय.

तो इस्पितळात आहे, जिवाला धोका नाही. बाईंनी त्याच्यावर तक्रार दिली, त्याने माझ्यावर. काल त्याचा भाऊ आला होता. "पोरीला मुकाट पाठवा, तक्रार मागे घेतो. नाहीतर या वयात तुरुंगात सडाल." मामीने त्याची चप्पल उचलून त्याच्या हातात दिली.

तो भाऊ तुझ्याकडेही येईल. तुझ्या आईला पुढे करेल. म्हणतील, मामाने तुझ्यापायी एवढं केलं, आता तू मामासाठी एवढं कर. ऐकू नकोस. मी तुझ्यापायी काही केलं नाही. माझं डोकं फिरलं, मी मारलं, ते माझं मला निस्तरू दे. वकील म्हणतो शिक्षा होईल. होऊ दे. ती मी उभ्याने भोगेन. पण तुझं डोकं कुणी असं मुठीत धरलं आणि ते माझ्या सुटकेच्या बदल्यात, तर मला बाहेर राहून करायचंय काय?

जाऊ नकोस, चिमे. रविवारीही नाही आणि कधीच नाही.

आत असलो काय, बाहेर असलो काय, तुझाच

मामा