काकूच्या गाठीची उगवण

लोणखेडा, २९ सप्टेंबर

चि. धर्मेंद्र यास रतिलालकाकांचे अनेक आशीर्वाद.

धुळ्याच्या हवेत तुझा खोकला गेला असेल, असे गृहीत धरतो. आम्ही उभयता ठीक आहोत. ‘ठीक’ कितपत, तोच या पत्राचा विषय आहे.

काकूच्या तपासणीच्या निकालाच्या दिवशी काका डॉक्टरबाईंशी भांडले, असे तू घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलेस. ते साफ चुकीचे आहे. मी पृच्छा केली. तू तेव्हा बाहेर मोटार लावायला जागा शोधत होतास. न पाहिलेल्या घटनेचे वर्णन करताना निदान ‘म्हणे’ तरी लिहावे.

काकूच्या छातीतून काढलेली गाठ औषधी पाण्यात टिकवून मेणाच्या वडीत बसवली होती, हे तू जाणतोसच; ती वडी आपणच सुरतेच्या प्रयोगशाळेत पोहोचवली. तेथे तिचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात आणि त्यावर एक प्रतिपिंड (इंग्रजीत अँटिबॉडी) सोडतात. ते फक्त वाढीला लागलेल्या पेशींना चिकटते आणि त्या तपकिरी दिसतात. शंभरात तपकिरी किती, ते मोजायचे. (चाचणीचे नाव केआय-सदुसष्ट. सदुसष्ट हे गुण नव्हेत, हे डॉक्टरबाईंना मला दोनदा सांगावे लागले.) त्या आकड्यावरून केमोच्या सुया की नुसत्या गोळ्या, हे ठरण्यास मदत होते.

मला हे तत्काळ समजले. पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजतो, तेच हे. शंका एकच होती : मेणात मेलेला तुकडा उगवेल कसा? डॉक्टरबाई म्हणाल्या, “काका, फोटोतला धावणारा माणूस फोटोत धावत नाही, पण धावत होता हे कळतं ना?” (आपल्या घरच्या फोटोंत सगळे उभे आहेत, तरी मी मान डोलावली.)

मग त्यांनी आकडा सांगितला : आठ. मी कागद स्वतः पाहायला मागितला. काकू तर उठलीच. “शंभरमा आठच? आसं बियानं ते आपन दुकानदारले परत करी टाकतस!” तेव्हा मी विनयपूर्वक सुचवले की मेण जुने निघाले असावे, चाचणी पुन्हा करावी. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. “अहो काका, हे पीक उगवू नये म्हणूनच तर आपण धडपडतोय! कमी आलं ते चांगलं.”

काकू खाली बसली आणि एवढेच म्हणाली, “मंग सुया नहीत ना?” बहुधा नाहीत, पण बाकीचे अहवाल पाहून सांगू, असे उत्तर मिळाले. मला सर्व नीट समजले आहे.

तुझा,
रतिलालकाका

ता. क. १ : निकालाआधी मी गावदेवीला नारळ बोललो होतो, आकडा नव्वदच्या वर यावा म्हणून. देवीने ऐकले नाही, हे तिचे उपकार. आता मागितलेले न मिळाल्याबद्दल नवस फेडतात काय, हे धानोऱ्यास तुझ्या आईला विचार. गजरावहिनींना असल्या गोष्टी कळतात. काकूला सांगू नकोस. आधीच ती मला हसते.

ता. क. २ : तुझ्या मजकुरातील तारखा दुरुस्त करून देतो.

शस्त्रक्रिया : ३ सप्टेंबर. (तू पाच लिहिलीस.)
मेणाची वडी सुरतेस : १५ सप्टेंबर. (‘पितृपक्षात कधीतरी’ ही तारीख नव्हे.)
निकाल : २६ सप्टेंबर, शुक्रवार.
पुढील भेट : ८ ऑक्टोबर, दहा नव्हे. सुया की गोळ्या, ते त्या दिवशी पक्के होईल. मोटार लांब लागली तरी चालेल, पण या वेळी तू आत बस. आठ म्हणजे चांगले, हे मला आणखी एकदा, दुसऱ्या कोणाच्या तरी कानांनी ऐकायचे आहे.