दुसरं ताट

प्रिय वेदू,

नंदनवन कॉलनीतलं आमचं घर अखेर रंगवून झालं. आईने पुन्हा तोच पिवळा निवडला, त्यामुळे काही बदललंय हे येणाऱ्याला सांगावं लागतं. आपल्या वर्गातला उन्मेष परवा महाल भागात भेटला. जरा वाळलाय, पण कामात रमलेला दिसला. मी अजून हिंगण्याच्या समुपदेशन केंद्रातच आहे. कारखान्यातली पाळी सुटली की माणसं येतात, बहुतेक जण झोप येत नाही म्हणून. तुला आज मात्र एकाच बाईबद्दल लिहायचंय. तिचं नाव बदललंय आणि तिला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, सांग की, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

इंदूबाई गोंड आहे, देवलापारकडच्या एका लहानशा गावची. नवरा रामाजी इथे कारखान्यात होता, ती तिथल्याच कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. मागच्या पावसाळ्यात तो तापाने गेला. गावचा रस्ता नाल्याच्या पुरात बंद होता, म्हणून त्याच्या सोबतच्या कामगारांनी इथल्याच घाटावर अग्नी दिला. तिच्या घराण्यात माणसाला गावच्या मातीत पुरतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिनेही त्या वेळी सांगितलं नाही. सगळ्यांनी मनापासूनच केलं होतं. त्यानंतर ती जेवायला दोन ताटं वाढू लागली आणि संध्याकाळी दारात बसून रामाजीशी गोंडीत बोलू लागली. घरमालकीण घाबरली. मुलीने, हर्षाने, तिला डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांनी झोप लागू लागली, पण उठल्यावर ताटं पुन्हा दोनच. मग डॉक्टरांनी तिला आमच्याकडे पाठवलं.

आम्हाला शिकवलेले प्रश्न मी विचारले. भूक लागते का, उदास वाटतं का, कुणाचा आवाज ऐकू येतो का. शेवटच्यावर ती लगेच हो म्हणाली. उदास वाटतं का म्हटल्यावर खिडकीकडे बघत बसली. त्यासाठी तिच्या भाषेत काही तरी शब्द असणार, पण तो मला येत नव्हता, आणि माझा तिच्या कामाचा नव्हता. दोनतीनदा असंच झालं. मग मी रितिका मडावीला सोबत बसवलं. रितिका आमच्याकडे नवीन आलेली समुपदेशक, स्वतः गोंड. तिने आधी विचारलं, तुम्ही किती देवांचे? त्यांच्यात कुळं देवांच्या संख्येवरून सांगतात. इंदूबाई म्हणाली, सहा. आणि त्यानंतर ती जी बोलू लागली ती थांबेचना. मी शेजारी बसून होते. रामाजीचं नाव तेवढं ओळखू यायचं. आपल्याच खोलीत आपल्याला काही कळू नये, हे मला नवीन होतं. तुला तिकडे परदेशात ते रोजचं असेल. शेवटी ती माझ्याकडे वळली आणि मला समजावं म्हणून मराठीत म्हणाली,

“मले वेड नाही लागलं बाई. त्याले अजून देवात मिळवलं नाही. मंग तो जाईन कुठी? माह्याजवळच राहीन ना. अन् जवळ आहे तं उपाशी कसा ठेवू?”

मेलेल्या माणसाला पूर्वजांच्या देवांत नेऊन मिळवतात, तोवर तो घरच्यांच्या आसपास असतो, असं ते मानतात. रामाजीचं ते राहून गेलं होतं. डॉक्टरांशी बोललो. गोळ्या चालू ठेवा आणि जरूर जा, असं ते म्हणाले. थंडीत रितिका तिला गावी घेऊन गेली, मीही गेले. भाऊबंद जमले होते. नदीकाठी काय काय झालं ते सगळं मला कळलं असं म्हणणार नाही. मला सांगितलं तिथे मी बसले आणि वाढलं ते जेवले. परतल्यावर तिने एकच ताट घेतलं. केंद्रात आम्हाला हायसं वाटलं.

ते हायसं वाटणं फार टिकलं नाही. इंदूबाई रडायला लागली. कामावर जाईना, जेवेना. हर्षा तणतणत आली आणि म्हणाली, “ताई, आधी आई बोलत तरी होती. आता तं नुसती रडूनच राहिली. तुम्ही काय बरं केलं तिले?” रितिका शांतपणे म्हणाली, “तिचा नवरा आता मेला, हर्षा. आतापर्यंत तो घरीच होता.” त्यानंतर इंदूबाई दर आठवड्याला येत राहिली. रामाजीचे हट्ट, त्याचं खोटं बोलणं, जत्रेत तिला एकटीला सोडून गेला ते, सगळं सांगून झालं. पुष्कळसं गोंडीत, थोडं माझ्यासाठी मराठीत. आता ती पुन्हा कँटीनमध्ये जाते. पूर्वीसारखी झाली असं नाही. पण जेवते.

आता तुझं. यमुकाकूंनी मला बोलावून घेतलं होतं. गिरिधरकाका गेले तरी त्यांचा फोन काकूंनी अजून चालू ठेवलाय, आणि रोज दुपारी त्यावर तुझं नाव येतं. त्या समोर बसून राहतात. उचलत नाहीत, कारण बाबांच्या फोनवर तुला आईचा आवाज नको असेल असं त्यांना वाटतं. तुझ्या घरी फोन केला तेव्हा गौरांगने सांगितलं की तिथल्या समुपदेशक बाईंनी तो नंबर काढून टाकायला सांगितला आणि तू जायचं सोडलंस. त्या बाई वाईट नसतील. पण तेराव्यापर्यंत घर कसं भरलेलं असतं, आणि तुला येता न आल्याने तुझे ते सगळे दिवस तिकडे ऑफिसात गेले, हे त्यांना कुणी सांगितलं नसणार. मी तुझी मैत्रीण आहे, त्यामुळे तुझं समुपदेशन करणं माझं काम नाही. पण तुमच्याच शहरात मराठी बोलणाऱ्या एक बाई हे काम करतात. त्यांचा पत्ता गौरांगकडे दिलाय. हे पत्र तुला मिळाल्याचं त्याने कळवलं की दुसऱ्या दिवसापासून काकू तो फोन उचलणार आहेत. रिंग मध्येच थांबली तर दचकू नकोस, आणि ठेवून देऊ नकोस. त्या आधी बोलणार नाहीत म्हणाल्या. तुला काकांशी जे बोलायचं असेल ते बोल, त्या ऐकतील.

तुझीच,
नूपुर