पाच मिनिटे पुढे

प्रिय बाबा,

चोवीस वर्षे एकाच घरात राहून मुलीने वडिलांना पत्र लिहावे, हा आगाऊपणाच. त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. समोर उभी राहिले की मी बोलताना अडखळते, हे तुम्ही जाणता. कागदावर मात्र मी कधी अडखळले नाही. निबंधांची माझी बक्षिसे तुम्हीच घड्याळांच्या दुकानात मांडून ठेवली आहेत. क्षमा फक्त लिहिल्याची आहे, मजकुराची नाही.

तुम्ही आमच्या रक्तपेढीच्या प्रमुखांना परस्पर फोन करून "पोरीचं डोकं ठिकाणावर आलंय, सोमवारी येईल" असे सांगितलेत, ते मला काल कळले. मी सोमवारी जाणार नाही. तीस दिवसांची रजा मंजूर आहे. आठ झाले, उरलेले बावीस मी पुरेपूर घेणार आहे.

मी आत्याकडे निघताना तुम्ही विचारले होतेत, "दमायला तू काय विटा वाहतेस?" त्याचे उत्तर आता लिहिते. दहावीच्या निकालानंतर तुम्ही मला मनगटी घड्याळ दिलेत आणि मला कुठेही उशीर होऊ नये म्हणून ते पाच मिनिटे पुढे लावलेत. आठ वर्षे मी मनातल्या मनात पाच वजा करत आले. रुग्णाचे आणि दात्याचे रक्त जुळते का, हे पाहताना नमुना पंधरा मिनिटे उबेत ठेवावा लागतो. सुट्टीविना कामाच्या सलग एकोणिसाव्या दिवशी सुरुवातीची वेळ मी भिंतीवरच्या घड्याळाने लिहिली, शेवटची मनगटावरच्या. वजाबाकी राहून गेली. दहाव्याच मिनिटाला नमुना काढून मी "जुळते" असे लिहिले आणि सही केली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नोंद पाहिली, भिंतीकडे पाहिले आणि चाचणी पुन्हा केली. रक्त जुळत नव्हते. त्या मला रागावल्या नाहीत. रजेचा कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवून एवढेच म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं. लिही."

आत्याकडे मी काय करते? खिडकीशी बसते. समोर लाकडाची वखार आहे. तिथे फळ्या महिनोन्‌महिने नुसत्या वाळत उभ्या असतात आणि त्यांना कुणी आळशी म्हणत नाही. एक जाडजूड कादंबरी वाचते, आणि डोळा लागला की ती तोंडावर घेऊनच झोपते. आत्या म्हणते, "तुझ्या बापानं पाहिलं ना, तर चावी देऊन उभी करील तुला."

दुरुस्त केलेले घड्याळ तुम्ही तीन दिवस खिळ्याला टांगून ठेवता. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ऐकवता, "दुरुस्त झालंय, पण सावरलं नाही अजून." यंत्राला तीन दिवस देणाऱ्या माणसाला पोटच्या मुलीचा महिना जड व्हावा, याचा मला राग आला आहे. हा शब्द तुमच्यासाठी मी प्रथमच लिहिते आहे. तो खोडणार नाही.

आता पत्राचे खरे कारण सांगते. निघण्याच्या आदल्या दिवशी घड्याळाचा सेल शोधताना तुमच्या खणात डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, मार्च महिन्याची. मोतीबिंदू, उजवा डोळा; तुम्ही भिंग लावता तोच. बारीक स्क्रू बसवायला मला हाक मारत होतात, ते शिकवण्यासाठी नव्हे, हे तेव्हा उमगले. दुकान बंद राहील म्हणून आठ महिने तुम्ही ती चिठ्ठी दडवलीत. मी डॉक्टरांशी बोलून शस्त्रक्रियेसाठी वीस तारीख ठरवली आहे. पाटीही रंगवून घेतली आहे: "दुकान दोन आठवडे बंद. मालक विश्रांती घेत आहेत." शेजारचे वहीवाले काका सोमवारी ती लावतील, तुम्ही काढलीत तर पुन्हा लावतील, तसा शब्द त्यांनी दिला आहे. एकोणीसला मी तुम्हाला न्यायला येईन. पुढचे दिवस आपण दोघे याच खिडकीशी काहीही न करता बसू. डोळ्यावर पट्टी असेल तोवर कादंबरी मी पहिल्या पानापासून वाचून दाखवीन. आणि हो, तुम्ही दिलेले घड्याळ आज सकाळी मी पाच मिनिटे मागे घेतले.

तुमचीच,
हट्टी लेक

मंगळवार, १२ नोव्हेंबर. पत्र पेटीत टाकले तेव्हा सकाळचे दहा वाजून बेचाळीस मिनिटे, वजाबाकी न करता.