गिरणीची जाळी

सांगली, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९४८

खंडेनवमीच्या पूजेसाठी आमच्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यावरची जाळी काढली, ती अजून काढलेलीच. आज ह्यांच्या उपरण्याचं टोक पट्ट्यात गेलं. फाटलं म्हणून निभावलं. गळ्याला गुंडाळलेलं असतं तर?

भाऊजी कॉलेजात कारखान्यातली सुरक्षितता शिकतात. म्हटलं, तेवढी जाळी बसवा. तर म्हणे, "वहिनी, परवा त्याचीच परीक्षा हाय, वाचू द्या की."

आणि हे? "पुजलेलं यंत्र लगेच झाकत न्हाईत."

देवीचं मीही सगळं करते. पण असं तिनं कधी सांगितलं? ते फाटकं टोक डोळ्यांपुढून जाईना.

शेवटी मीच जाळी बसवली, तिला हळदकुंकू वाहिलं. ह्यांना म्हटलं, "आता हीही पुजलीय. काढायची तर आधी देवीला विचारून या."