लांब रेघ माझीच होती

रविवार, ९ नोव्हेंबर
स्वयंपाकघरातलं टेबल, सकाळ

मास्तर,

नमस्कार. मी बरी आहे, फक्त डावा गुडघा वेगळं मत देतो. तुमची तब्येत, लेकीची नोकरी आणि तिच्या गच्चीवरच्या तुमच्या कुंड्या ठीक असतील असं धरून चालते. पत्रात विनंती कशी नमस्काराला चिकटून येते, तशी माझी येणार नाही. ती पुढे कुठेतरी आहे. वाचत या, सापडेल.

तुमचं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, शेराच तो! "पत्र फार सुबक आहे. मशीनला माझी शाबासकी कळवा. बाई, तुमचं स्वतःचं काही म्हणणं असल्यास तेही कळवावे."

मशीनला शाबासकी! अहो, ते इंग्रजी पत्र मी लिहिलं होतं. मी, इथे, याच टेबलावर, आठवडाभर बसून. त्यात दोन गोष्टी विचारल्या होत्या. तुम्ही एकीचंही उत्तर न देता सगळं पत्र मशीनच्या नावावर टाकून मोकळे झालात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच. आधी मला राग आला. मग भांडी घासताना हसू आलं, आणि ते इतकं आलं की आतून भाची धावत आली. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तुम्ही तिला फ्रॉकमध्ये पाहिलीत. आता ऑफिसात जाते, माझ्याकडेच राहते आणि मला शहाणपण शिकवते.

तिने दोन्ही पत्रं वाचली आणि चक्क तुमची बाजू घेतली.

"मावशी, त्यांचं काय चुकलं? या लांब रेघा बघ किती आहेत. हल्ली लांब रेघ दिसली की लोक म्हणतात, मशीनने लिहिलं."

"का? मशीनने रेघ विकत घेतली की काय?"

"मशीन फार वापरतं ना, म्हणून."

"मशीन स्वल्पविरामही वापरतं. मग तोही सोडून द्यायचा?"

"सोडतातच की. आणि आमच्यात निरोपाच्या शेवटी पूर्णविराम दिला तर समोरच्याला वाटतं, ही रागावली."

"म्हणजे मी सगळी नोकरी नुसती रागावण्यात घालवली म्हणायची!"

पुढचं ऐका, आणि बसून ऐका. ही मुलगी ऑफिसची इंग्रजी पत्रं मशीनकडून लिहून घेते आणि मग त्यांत स्वतःच्या हाताने चुका घालते. कुठे एक अक्षर खाते, कुठे रेघ पुसते, कुठे शहाणा शब्द काढून साधा बसवते. साहेबांना वाटलं पाहिजे ना, की हिनेच लिहिलं! मी म्हटलं, "बाई गं, ज्या घरात आयुष्यभर चुका काढून पोट भरलं, त्याच घरात आता चुका घालायचा धंदा?" तर म्हणते, "तू चुका काढायचीस त्या माणसांच्या. मी माणसासारख्या घालते. दोघी एकाच खात्यात." आपलेच दात, आपलेच ओठ.

पण तुम्ही का फसलात, ते मला नंतर नीट कळलं. रेघांमुळे नाही. मास्तर, तुम्ही माझ्या हातचं विरामचिन्ह कधी कागदावर पाहिलंच नाहीत. माझ्या चिठ्ठ्या आठवा: "आज उशीर होईल चहा घेऊन घ्या मालक आले तर सांगू नका." सगळं एका दमात. चिन्हं माझ्या बोटांत असायची आणि कागदावर तुमच्या.

भाचीला हे समजावताना टेबल वाजवून दाखवावं लागलं. छापखान्यात मुद्रितं तपासताना लेखकाची प्रत हातात धरून मी मोठ्याने वाचायची, तुम्ही चुका टिपायला समोर छापलेला कागद घेऊन बसायचात. स्वल्पविरामाला बोटाचं पेर एकदा, पूर्णविरामाला दोनदा, लांब रेघेला अख्खा तळवा टेबलावरून सर्रकन ओढायचा, आणि मोठ्या अक्षराला चपलेची टाच. तोंडाने चिन्हांची नावं घ्यायला वेळ कुणाला होता? भाची म्हणाली, "मावशी, म्हणजे तू वाचत नव्हतीस, तबला वाजवत होतीस." खरंच आहे. मला इंग्रजी आलं ते असं, आधी हाताला, मग जिभेला, आणि डोक्याला सगळ्यांत शेवटी. त्यातही पुस्तकं कसली, तर बॉयलरची देखभाल, गुरांचे रोग आणि विम्याचे नियम. माझ्या इंग्रजीत माया आली तरी ती प्रेशर बघूनच येते.

आता मूळ कामाचं. इंग्रजीत सांगितलं होतं, पुन्हा सांगते, कारण तुम्ही तेही मशीनचं म्हणून सोडून दिलं असणार. छापखान्याच्या आपल्या धाकट्या मालकांनी वाचनाचं टेबल पुन्हा मांडलंय. हो, तेच टेबल. मधली काही वर्षं त्यावर पार्सलं बांधत होते.

मला बोलावून म्हणाले, "बाई, डोक्याला ताप झालाय नुसता. लेखक येतात ते घाबरलेले. एक जुने डॉक्टर आहेत, जन्मभर लांब रेघ वापरत आले. आता नातवाने सांगितलं, आजोबा, लोक तुम्हाला मशीन म्हणतील. त्यांनी सगळ्या रेघा उपटून टाकल्या. पुस्तक असं झालंय, जणू मधले खांब काढून घेतलेला मांडव. दुसरे एक आहेत, त्यांनी खरंच मशीनकडून लिहून घेतलंय आणि वर रेघा पुसून आणल्यात. कागदावर दोघं सारखेच दिसतात. मी कुणाला काय सांगू?"

मी म्हटलं, "वाचून बघा की मोठ्याने."

"तेच म्हणतोय. वाचणारं कोण आहे? पोरं डोळ्यांनी चाळतात. मला कान हवेत. तुमचे आहेत. मास्तर येतील का?"

म्हणजे बघा, सुक्याबरोबर ओलं जळायला लागलं तेव्हा मालकांना आपली आठवण झाली. पण झाली. मी त्या डॉक्टरांची चार पानं दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन वाचली. जिथे माझा तळवा आपोआप टेबलावर सरकला, तिथे मालकांनी पेन्सिलीने रेघ परत घातली. डॉक्टर बाजूलाच बसले होते. म्हणाले, "इथेच होती! अगदी इथेच होती!" आणि एखाद्या पोरासारखे हसले. मास्तर, त्या क्षणी मी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यात मालक होते. चांगला माणूस आहे, पण चुकीच्या खुर्चीत.

मालकांना महिनाअखेर उत्तर हवंय. तुम्ही नाही म्हणालात तर ते दुसरा कुणी बघतील, आणि मला त्या दुसऱ्यासमोर टेबल वाजवायचं नाही. ही झाली पहिली गोष्ट.

दुसरीसाठीच मी इंग्रजी धरलं होतं. भाची म्हणाली, "मशीनला सांग, ते छान लिहून देईल." मी सांगून बघितलं, खोटं कशाला बोलू. त्याने तुम्हाला "आयुष्याच्या पुढील अर्थपूर्ण प्रवासात सहभागी होण्याचं" निमंत्रण दिलं. मला वाटलं आपण सहलीची कंपनी काढली. पुसून टाकलं. मग उजव्या हाताने टेबल वाजवायचं, तोंडाने बोलायचं आणि डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचं, असं चाललं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन विचारून गेले, काही ठोकताय का? म्हटलं, हो, पत्र.

आणि लांब रेघा! त्या इतक्या का झाल्या ते सांगते. बोलता बोलता माझा धीर सुटायचा तिथे तळवा सरकायचा. तळवा सरकला की मी रेघ घालायची. मला प्रामाणिकपणाच करायचा होता. तुम्हाला वाटलं, मशीन.

इंग्रजी का, तर ती आपली कामाची भाषा. तिच्यात बोलताना तुम्ही समोर असल्यासारखं वाटतं. मराठीत बोलायला लागले की आई, आत्या, शेजारपाजार, सगळे दाराआडून ऐकताहेत असं होतं. पण तुम्ही माझं स्वतःचं म्हणणं मागितलंत. तेव्हा त्या सगळ्यांना ऐकू दे.

तुमची पत्नी गेली तेव्हा तुम्ही लेकीकडे गेलात, ते बरोबरच होतं. मी कधी काही म्हटलं नाही, तेही बरोबर होतं. आता तुमची लेक तिच्या संसारात रमली आहे, आणि दिवाणखान्यातल्या गेल्या वेळच्या फोटोत, सगळ्या माणसांत, तुम्ही पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेला टेकलेले दिसलात. माझ्या घरात खुर्च्या आहेत, मास्तर. नीट मागे टेकून बसता येतं.

मला तुम्ही समोर बसलेले हवे आहात. कामाच्या वेळात, आणि कामाची वेळ संपल्यावरही.

ही विनंती. सापडली ना?

आता शाबासकी द्यायची असेल तर ज्याची त्याला द्या.

बाई


शनिवार, १५ नोव्हेंबर
टेबल तेच

मास्तर,

काल फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हातात टोमॅटो धरून उभी होते. भाचीने तो काढून घेतला.

तुम्ही म्हणालात, फोनवर ठरलेलं खरं नाही, लेखी कळवा. कळवते. पण आधी तुमच्या बोलण्याचा हिशेब तुमच्यासमोर मांडते. कामाबद्दल तुम्ही इतकं बोललात की माझा कान गरम झाला. टेबल खिडकीजवळ आहे का, दिवा कुठल्या बाजूला, डॉक्टरांचं पुस्तक किती पानांचं, त्या मशीनकडून लिहून घेणाऱ्या लेखकांना तोंडावर सांगायचं की मालकांकरवी. सगळं झालं. मग तुम्ही थांबलात, खोकलात, आणि म्हणालात, "आणि त्या दुसऱ्या बाबतीतही माझी हरकत नाही."

हरकत नाही! अहो, बायका यासाठी जन्मभर थांबतात आणि त्यांना "हरकत नाही" मिळतं! मी फोन कानाला लावूनच टोपलीतला टोमॅटो उचलला. तुम्हाला वाटलं लाइन गेली. "बाई? बाई, आहात का?" असं तीनदा ओरडलात. त्या ओरडण्यात मला हवं होतं ते सगळं होतं, म्हणून मी लगेच उत्तर दिलं नाही. राग मानू नका.

आणि मग तुमच्या लेकीने फोन ओढून घेतला. काय म्हणाली ते तुम्हाला कळलं नसेल, कारण ती फोन घेऊन गच्चीवर गेली होती. म्हणाली, "बाई, बाबांचं मनावर घेऊ नका. त्यांनी बॅग केव्हाची भरून ठेवलीय. तुमचं मराठी पत्र आलं त्या दिवशी दोनदा जेवायला बसले. एकदा जेवले ते विसरलेच." मी विचारलं, "तुला चालेल ना गं?" तर म्हणाली, "मला? मी त्या इंग्रजी पत्राच्या वेळीच सांगत होते, बाबा, हे माणसाचं आहे, मशीन एवढं अडखळत नाही. ऐकतात कुठे!" मास्तर, लेक तुमच्यावर गेलेली नाही, हे बरं झालं.

ती स्वतः तुम्हाला पोहोचवायला येणार आहे आणि आठवडाभर राहणार आहे. मालकांना मी कळवलं. ते म्हणाले, "दोघांची वेळ सारखीच ठेवू ना?" मी म्हटलं, "ठेवा, घरूनच येऊ." आधी त्यांच्या लक्षात आलं नाही. मग आलं, आणि त्यांनी आतल्या माणसांना हाका मारून चहा सांगितला.

कुंड्या आणा. खिडकीत ऊन येतं. जाड चष्मा आणि बारीक चष्मा, दोन्ही आणा. तुमचा तो तपकिरी कोट लेकीला देऊन टाका, ती पुसायला वापरेल.

एक राहिलं. काल रात्रीची भांडी आवरताना भाचीने विचारलं, "मावशी, ते आले की मी त्यांना काय म्हणू? मास्तर?"

"काका म्हण."

"काका म्हणजे रस्त्यावर भेटलेल्या कुणालाही म्हणतात ते, की मावशीचे यजमान, ते काका?"

मला वाटलं होतं, हे बोलायला मला अवघड जाईल. पण नाही गेलं. मी म्हटलं, "दुसरे." ती हातातलं फडकं टाकून माझ्या गळ्यात पडली, आणि लगेच आईला फोन लावायला पळाली. एव्हाना माझ्या साऱ्या माहेराला कळलं असेल. तेव्हा आता मागे फिरायला जागा नाही, मास्तर. तुम्हालाही नाही आणि, देवाची शपथ, मलाही नको आहे.

लेखी मागितलंत ना? घ्या.

माझ्या भाचीच्या काकांना,
तिच्या मावशीचा नमस्कार.