फळ्यावरचं अक्कांचं वाक्य

११ जाने. १९८८, सोम. पारोळा
या महिन्यात सुविचाराचा फळा माझ्याकडे. आधीच्या बाईंनी डिसेंबरभर ‘नेहमी खरे बोलावे’ आणि त्याची भावंडं लिहिली. पोरं फळ्यासमोरून जातात, मान वळत नाही. मी धुळ्याला जुन्या पुस्तकांत घेतलेलं ते इंग्रजी पुस्तक काढलं. कुणा जुन्या विनोदी नाटककाराची माणसांबद्दलची वाक्यं. कव्हर आणि पहिली पानं फाटलेली, त्यामुळे नाव माहीत नाही. नाव नसलेलाच बरा. रोज एक वाक्य मराठीत आणणार.

१४ जाने., गुरु.
आजचं: ‘मानाची खुर्ची नको म्हणणाऱ्याला ती कुठे ठेवली आहे हे आधीच माहीत असतं.’ हे.सर (हेडसर) फळ्यासमोर थांबले, चष्मा पुसला, म्हणाले, उत्तम, वैचारिक आहे. कळलं काही नाही. मुख्याध्यापकांनी वैचारिक म्हटलं की समजावं, वाक्य मेलं.
पोरांनी आजही पाहिलं नाही. चिडचिड झाली.

२१ जाने.
संध्याकाळी अक्का (सासूबाई) चुलीवर भरताची वांगी भाजत होत्या. त्यांना खुर्चीचं वाक्य वाचून दाखवलं. म्हणाल्या, इतलं लांबडं कसाले? मग वांगं उलटवत, माझ्याकडे न बघता:
“हार नको माले म्हनस, अन मान पुढे करस.”
पोट धरून हसले. त्या इंग्रजाला अख्खी ओळ लागली, अक्कांना एक वांगं उलटवण्याएवढा वेळ. अक्कांना अक्षर वाचता येत नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

२२ जाने., शुक्र.
लिहिलं. तसंच, अहिराणीत. खाली ‘अक्का’.
मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर झालं. पाचवीची पोरं एकमेकांच्या गळ्यात दप्तराचे पट्टे घालून मान पुढे करत होती. हे.सर उद्याच्या संमेलनाच्या मांडवात, त्यांनी पाहिलंच नाही. मीही संध्याकाळी फळा पुसला नाही. विसरले असं कुणाला सांगेन, इथे नाही. उद्या आमच्या संस्थेच्या चेअरमनांचा, आबासाहेबांचा, सत्कार आहे हे मला पक्कं माहीत होतं.

२३ जाने., शनि.
झालं ते असं. आबासाहेब माइकवर म्हणाले, “मला हे हार-बिर आवडत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.” आणि हाराकडे वळून मान पुढे केली.
मागून आधी एक पोर हसलं. मग एक बाक. मग सगळा मांडव. पालकसुद्धा. आबासाहेब हार अर्धा गळ्यात घेऊन तसेच उभे.
मी हसले नाही. हसू आलं होतं, ओठ दाबून धरले.

२५ जाने., सोम.
फळा पाण्याने धुतलेला. मला बोलावणं. हे.सर बसा म्हणाले नाहीत. शाळेच्या फळ्यावर अहिराणी? आणि आबासाहेबांवर? मी म्हटलं, अकरा दिवसांपूर्वी तेच मराठीत होतं, तुम्हीच वैचारिक म्हणालात. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, लेखी माफी द्या, शनिवारपर्यंत. जूनमध्ये तुमची दोन वर्षं भरतात, कायम करायचं की घरी पाठवायचं, सही आबासाहेबांची आहे.
म्हणजे हे असं आहे. शुद्ध मराठीत टोमणा मारला की तो सुविचार. घरच्या बोलीत मारला की अपमान.

२६ जाने.
आमचे श्री. पिंप्राळ्याहून स्कूटरवर आले. त्यांची नोकरी तिकडे, माझी इकडे, मधे अक्का. म्हणाले, दोन ओळी लिही आणि मोकळी हो, दोन वर्षं वाया घालवू नकोस. चूक नाही त्यांचं. तीन कच्चे कागद लिहिले. ‘माझ्याकडून अनवधानाने’ या शब्दांपाशी दर वेळी हात अडला. अनवधान कसलं, चांगलं अवधान होतं.
अक्का ऐकत होत्या. म्हणाल्या:
“वाक्य मन्हं शे. तू कसाले माफी मांगस?”
खरंच, वाक्य त्यांचं. मी तिन्ही कागद चुलीत घातले.

३० जाने., शनि.
पत्र दिलं. मजकूर: वाक्यात कुणाचंही नाव नाही. तरी ते वाक्य आपल्याविषयीच आहे असं आबासाहेबांनी सहीनिशी कळवावं, मी त्याच दिवशी माफी मागेन.
हे.सरांनी दोनदा वाचलं. “बाई, हे मी त्यांना कसं देऊ?” म्हटलं, हातात.

३ फेब्रु.
पत्राला उत्तर नाही. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. भीती वाटते, लपवत नाही.  नोकरी गेली तर परत धुळ्याला आईकडे, नाहीतर पिंप्राळ्याच्या एका खोलीत दिवसभर. पण पत्र परत घेणार नाही. नाही म्हणजे नाही.

८ फेब्रु., सोम.
आबासाहेब स्वतः आले. हे.सरांना बाहेर पाठवून मला बोलावलं. टेबलावर माझी फाईल, कायमची ऑर्डर टाईप केलेली, सहीची जागा रिकामी. पेनाचं टोपण काढलेलं. ओरडतील म्हणून मी तयारीने गेले होते. ते ओरडले नाहीत. खिडकीकडे बघत, एकदम घरच्या बोलीत:
“खरं सांगा बाई. मी मान पुढे करस का?”
फळ्यावर ज्या बोलीचा त्यांना राग, तीच. घरात बायकोला विचारता आलं नसेल, मला विचारलं. क्षणभर वाईट वाटलं त्यांचं. नाही म्हणणं किती सोपं होतं. पेन उघडंच होतं.
म्हटलं, “हां आबा, करतस.”
 मग त्यांनी टोपण लावलं, पेन खिशात, फाईल काखेत. दारात थांबून विचारलं, ही अक्का कोण? म्हटलं, माझ्या सासूबाई. मान हलवून गेले.
सही केली नाही. नाकारलीही नाही. फाईल कुठे नेली माहीत नाही.
अक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, फळा अजून तुझ्याकडेच का? आहे. दुसरं कुणी घ्यायलाच तयार नाही. उद्याचं वाक्य त्या सकाळी सांगणार आहेत.