खरं उत्तर

तीर्थरूप आईस, थोरलीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीत ऊनही छान येतं. बाबांचा खोकला थांबला का?

बालगृहातल्या मोठ्या मुलामुलींच्या मनाची तपासणी मी सुरू केली आहे. काल सोळा वर्षांची एक मुलगी आली. झोप कशी लागते? "मस्त." भूक? "मस्त." डोळे मात्र रडून सुजलेले. शेवटी मी विचारलं, "खरं सांगितलंस तर काय होईल, असं वाटतं तुला?"

"मला दुसरीकडे हलवाल. मग माझ्या धाकट्या बहिणीकडे कोण बघणार?"

मी तिला विचारूनच अधीक्षिकाबाईंना आत बोलावलं. पोरगी उठून उभी राहिली. "बाई, मला झोप येत नाही. कधीकधी जगूच नये असं वाटतं. मला बरं व्हायचंय, पण आम्हा दोघींची ताटातूट करू नका."

आई, एवढी हिंमत मी भल्याभल्यांत पाहिली नाही गं! बाईंनी तिला पोटाशी धरलं. दोघी इथेच राहणार, डॉक्टरही इथेच येणार, असं लगेच ठरलं. रात्री तिच्या सोबतीला बाई स्वतः झोपल्या.

आज भेटल्यावर तिने मलाच विचारलं, "तुम्हाला झोप लागते का, हे कोण विचारतं?"

"माझी आई. दर पत्रात."

"मग त्यांना खरं सांगता?"

म्हणून लिहिते. इथे आल्यापासून मला नीट झोप नाही, तुमची फार आठवण येते. आता तूही तुझं खरं कळव.

तुझीच,
थोरली